दह्यावर भरवसा ठेवणारा शास्त्रज्ञ

रक्तदाबाची गोळी सुरू झालेल्या माझ्या वयाच्या माणसाला ताटावर बसले की चार उपदेश ऐकावेच लागतात. मीठ कमी, लोणचे-पापड बंद, पालेभाज्या आणि कडधान्ये जास्त. अलीकडे त्यात आतड्यातल्या जंतूंची भर पडली आहे. शंभर वर्षांपूर्वी या जंतूंकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या इल्या मेचनिकॉफचे आयुष्य कोणत्याही कादंबरीकाराला मोहात पाडील असे आहे.

त्याचा जन्म १८४५ सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकोव्ह परिसरातला. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने आजारी. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि या माणसाने स्वतःचा जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. पुढे ओल्गाशी त्याने दुसरा संसार मांडला.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी घरातली मंडळी सर्कशीला गेली असताना तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने काटा खुपसला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! शरीरात शिरलेल्या परक्याला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळाले.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला वार्धक्याच्या प्रश्नाने पछाडले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते आणि त्याचे विष माणसाला म्हातारे करते, असे त्याचे मत. बल्गेरियातल्या खेडुतांच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्याने त्यांच्या आंबट दुधाला दिले आणि स्वतः ते नेमाने घेऊ लागला. युरोपात दह्याची लाट उसळली. पण १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकारानेच त्याला नेले.

मग तो हरला का? मला तसे वाटत नाही. मोठे आतडे निरुपयोगी, हे त्याचे मत टिकले नाही. उलट, भाज्या, डाळी आणि कोंड्यासकट धान्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो तिथले जंतू आंबवतात. त्यातून तयार होणारी छोटी मेदाम्ले रक्तात उतरतात, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवण्यात त्यांचा हात असावा, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खारट आहारावरच्या उंदरांच्या आतड्यांतले लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू घटले आणि रक्तदाब चढला. तेच जंतू वरून दिल्यावर ही चढण आटोक्यात राहिली. उंदरांचे सगळे माणसाला लागू पडतेच असे नाही. म्हणून गोळी सोडून कोणी ताकाच्या भरवशावर राहू नये. ताकात मूठभर मीठ घालून तर नाहीच! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा.

मेचनिकॉफच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवल्या आहेत. ऐन तारुण्यात आयुष्य नको झालेल्या या माणसाने उतारवयात इतरांचे आयुष्य वाढवण्याचा ध्यास घेतला. आपल्या घरी भाकरी, उसळ आणि वाटीभर दही रोज ताटात येते. त्या साध्या जेवणाकडे यापुढे थोड्या आदराने पाहिले, तरी त्याचे ऋण अंशतः फिटेल.