मत्स्यन्यायाचे गणित

बलवानाने दुर्बळाला गिळावे, या रीतीला आपल्याकडे प्राचीन काळापासून मत्स्यन्याय म्हणतात. मोठा मासा लहान माशाला खातो, हे समुद्रकाठच्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु मोठे मासे अहोरात्र लहान मासे खात असता लहान मासे संपून का जात नाहीत? आणि ते घटले, तर मोठ्यांची काय गत होते? या प्रश्नांना गणिताच्या भाषेत उत्तर देणाऱ्यांत अग्रगण्य असे विद्वान म्हणजे इटलीचे व्हीतो व्होल्तेरा.

व्होल्तेरा यांचा जन्म ३ मे १८६० रोजी एड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या आन्कोना या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. ते अवघे काही महिन्यांचे असताना गावाला सैन्याचा वेढा पडला. एका तोफगोळ्याने त्यांचा पाळणा मोडला. पण बालक सुदैवाने बचावले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोन वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. घरी संपत्ती नव्हती. आईने आपल्या भावाचा आश्रय घेतला आणि पुढे फ्लॉरेन्स शहरी त्यांचे बालपण गेले.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी भूमितीचा एक प्रौढ ग्रंथ अभ्यासावयास घेतला. तेराव्या वर्षी ज्यूल व्हेर्न यांची चंद्राकडे झेपावणाऱ्या गोळ्याची कादंबरी त्यांच्या हाती आली. इतर मुले कथेत रंगून जातात; या मुलाला मात्र तो गोळा नेमक्या कोणत्या मार्गाने जाईल, याचा ध्यास लागला. पृथ्वी व चंद्र हे दोघेही त्याला आपल्याकडे ओढणार! तेव्हा त्याने काळाचे अगदी लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागात गोळा किती सरकेल, याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला. सतत बदलणाऱ्या गोष्टीचा मागोवा घेण्याची ही हातोटी त्याला जन्मभर उपयोगी पडली.

घरच्यांची इच्छा मात्र निराळी होती. व्हीतोने पेढीत नोकरी धरावी व संसाराला हातभार लावावा, असे त्यांना वाटे. त्याची समजूत घालण्याचे काम नात्यातील एका अभियंत्याकडे सोपवण्यात आले. पण मुलाची बुद्धिमत्ता पाहून तो अभियंताच त्याच्या बाजूचा झाला! रोइती नावाच्या प्राध्यापकांनी त्याला आपल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाचे काम दिले आणि शिक्षणाची वाट मोकळी झाली. व्होल्तेरा १८८२ साली पिसा विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेथेच प्राध्यापक झाले. १९०० साली त्यांना रोमच्या विद्यापीठात पाचारण करण्यात आले. १९०५ मध्ये ते इटलीच्या सिनेटचे सभासद झाले.

पहिल्या महायुद्धात इटली १९१५ साली उतरली. पंचावन्न वर्षांचे व्होल्तेरा स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. त्या काळच्या विमाननौकांत पेट घेणारा हायड्रोजन वायू भरीत. त्याऐवजी न जळणारा हेलियम वापरावा, असे त्यांनी सुचवले.

याच युद्धाने समुद्रातही एक अजब प्रयोग घडवून आणला. युद्धकाळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी फार मंदावली होती. पुढे उंबेर्तो दान्कोना या तरुण जीवशास्त्रज्ञाने त्रिएस्ते, फ्यूमे व व्हेनिस येथील मासळीबाजारांच्या नोंदी तपासल्या. फ्यूमेच्या बाजारात आलेल्या मासळीत मुशी, पाकट यांसारख्या शिकारी माशांचे प्रमाण १९१४ साली शेकडा सुमारे १२ होते. १९१८ साली ते शेकडा ३६ पर्यंत चढले आणि मासेमारी पूर्ववत सुरू झाल्यावर १९२३ पर्यंत पुन्हा ११ च्या आसपास उतरले. मासेमारी कमी झाली, तर सर्वच मासे सारखे वाढावेत. शिकारी माशांचाच लाभ का व्हावा? दान्कोना हे व्होल्तेरांचे जावई. त्यांनी हे कोडे आपल्या सासऱ्यांपुढे ठेवले.

व्होल्तेरांनी प्रथम मनातल्या मनात समुद्र सोपा करून घेतला. त्यात दोनच जाती ठेवल्या : एक भक्ष्य, दुसरी भक्षक. भक्ष्य माशांना अन्नाची ददात नाही. एकटे सोडल्यास ते वाढतच जातील. भक्षकांना भक्ष्य मिळाले नाही, तर ते घटत जातील. मग कोण किती खाल्ला जाईल? ते दोघांच्या गाठी किती पडतात, यावर अवलंबून आहे. १०० लहान व १० मोठे मासे असतील, तर गाठ पडू शकेल अशा जोड्या १,००० होतात. दोन्ही जाती दुप्पट झाल्या, तर २०० गुणिले २०, म्हणजे ४,००० जोड्या होतात. मासे दुप्पट, पण गाठी चौपट! हा गुणाकार हेच त्यांच्या समीकरणांचे मर्म होय.

त्या समीकरणांतून एक चक्र प्रकट झाले. भक्ष्य वाढले की भक्षकांची चंगळ होऊन तेही वाढतात. भक्षक वाढले की भक्ष्य घटते. भक्ष्य घटले की भक्षकांची उपासमार होते. भक्षक घटले की भक्ष्य पुन्हा वाढते. रहाटगाडग्याप्रमाणे हे वरखाली होणे चालूच राहते.

आता या समुद्रात जाळे टाका. त्यात दोन्ही जातींचे मासे सापडतात. काही मोठे मासे जाळ्यात जाऊनही त्यांची जात टिकायची, तर उरलेल्यांना अधिक भक्ष्य हवे. उलट, जाळ्यामुळे लहान माशांची वाढ आधीच मंदावते. त्यांना आवर घालण्यास थोडे भक्षकही पुरतात. म्हणून बेताची मासेमारी चालू असता सरासरीने लहान मासे अधिक व मोठे कमी असतात. ती थांबली की तोल मोठ्यांकडे झुकतो. कोडे सुटले होते! हा सिद्धांत त्यांनी १९२६ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी अशीच समीकरणे स्वतंत्रपणे आधी मांडली होती. म्हणून आज ती दोघांच्याही नावाने ओळखली जातात.

खऱ्या समुद्रात दोनच जाती नसतात. तेथे भक्ष्य-भक्षकांचे मोठे जाळेच असते. पुढील शास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने अनेक जातींचे हिशेब मांडले. पण गाठीभेटी मोजण्याची कल्पना अशा अनेक हिशेबांच्या पायाशी राहिली. या गणिताने शेतकऱ्यांनाही सावध केले. पिकावरील कीड आणि त्या किडीला खाणारे कीटक यांवर सरसकट विष फवारले, तर कालांतराने कीडच अधिक माजू शकते.

परंतु व्होल्तेरांची खरी कसोटी समुद्रात नव्हे, तर स्वदेशात लागली. १९२२ साली मुसोलिनीच्या हाती सत्ता आली आणि हुकूमशाहीने माणसांतही मत्स्यन्याय सुरू केला. १९३१ साली सर्व प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्यास सांगण्यात आले. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी जेमतेम बाराजणांनी नकार दिला. त्यांत सत्तरी ओलांडलेले व्होल्तेरा होते. त्यांचे पद गेले. पुढे इटलीतील विद्वत्सभांचे सभासदत्वही गेले. १९३८ साली तर ज्यूंविरुद्ध कायदेच झाले. तरीही व्होल्तेरांनी सत्तेपुढे मान तुकवली नाही. शपथ नाकारली त्याच वर्षी, जीवनकलहाच्या गणितावरील त्यांचा ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला.

११ ऑक्टोबर १९४० रोजी रोम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांना पदच्युत करणारी राजवट त्यानंतर तीनच वर्षांत कोसळली. त्यांची समीकरणे मात्र आजही जगभरचे विद्यार्थी अभ्यासतात. मासा मत्स्यन्याय बदलू शकत नाही. माणूस मात्र त्याला नकार देऊ शकतो, हे व्होल्तेरांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.