तीन हजार वर्षांचे रोगी

पूर्वीची माणसे ठणठणीत होती, आजार काय ते आपल्या पिढीच्या वाट्याला आले, असे घरोघरी ऐकू येते. या समजुतीला शास्त्रीय पुराव्याने धक्का देणाऱ्यांत डॉ. मार्क आर्मंड रफर यांचे नाव आधी घ्यावे लागते.

१८५९ साली फ्रान्समधील ल्याँ येथे एका बँकरच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण मात्र ऑक्सफर्ड आणि लंडनला. पुढे पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी जंतुशास्त्राचे धडे घेतले. लंडनमध्ये रोगप्रतिबंधक संशोधनाची नवी संस्था निघाली, तेव्हा तिचे पहिले संचालकपद त्यांच्याकडे आले. तिथेच घटसर्पावरील सीरमचे काम करताना त्यांना स्वतःलाच घटसर्पाने गाठले. जीव वाचला, पण लकव्याने शरीर खिळखिळे केले. पद सोडून हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि तिथलेच होऊन राहिले.

१८९६ मध्ये ते कैरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पुढे इजिप्तच्या क्वारंटाइन मंडळाचे ते अध्यक्ष होते. हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी देशात शिरू नये, ही त्यांची रोजची चिंता. या व्यापातून सवड काढून हा गृहस्थ ममींकडे वळला.

अडचण साधी पण मोठी होती. हजारो वर्षे वाळलेले मांस सुरी लावताच भुगा होई. रफर यांनी पाणी, अल्कोहोल आणि सोडियम कार्बोनेटचे द्रावण बनवले. त्यात भिजवले की वाळके अवयव पुन्हा मऊ होत, त्यांचे पातळ काप काढता येत आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत.

१९१० साली विसाव्या राजघराण्याच्या काळातील दोन ममींच्या मूत्रपिंडांत त्यांना बिलहार्झियाच्या कृमींची अंडी सापडली. लघवीतून रक्त जाणारा हाच आजार त्यांच्या काळातही नाईलकाठच्या शेतकऱ्यांना पोखरत होता. मधली तीन हजार वर्षे जणू नव्हतीच! त्याच वर्षी ग्राफ्टन एलियट स्मिथ यांच्यासह त्यांनी अमुन देवाच्या एका पुजाऱ्याच्या मणक्यांत क्षयाच्या खुणा दाखवल्या. १९११ मध्ये तर त्यांनी ममींच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी इजिप्तमध्ये तंबाखू माहीतच नव्हती, तेव्हा सारा दोष तिच्या माथी मारता येईना. माणसांवरच ते थांबले नाहीत. लाखो वर्षांपूर्वीच्या एका मगरीच्या पाठीच्या कण्यातही त्यांनी रोग शोधला. सांगाडे, ममी आणि प्राण्यांची हाडे यांवरून जुने रोग ओळखण्याच्या या विद्येला पॅलिओपॅथॉलॉजी म्हणतात. तिला शास्त्र म्हणून उभे करण्यात रफर यांचा वाटा मोठा.

१९१६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधील आरोग्यव्यवस्था लावून देण्यासाठी ते सलोनिकाला गेले. १९१७ मध्ये परतताना त्यांचे जहाज टॉर्पेडोने बुडवले गेले आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. विखुरलेले लेख एकत्र करून रॉय मूडी यांनी १९२१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

रफर यांच्या निष्कर्षाला पुढे बळच मिळाले. २०१३ साली जगाच्या वेगवेगळ्या भागांतील १३७ ममींच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ४७ जणांच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या. आजची धावपळ आणि आजचे खाणे यांना दोष जरूर द्यावा. पण हृदयविकार झालेल्या माणसाला तू हे ओढवून घेतलेस असे सुनावण्यापूर्वी या तीन हजार वर्षांच्या रोग्यांची आठवण ठेवायला हवी.