घर वाचले, पत कुठून आणायची? : सर छोटूराम यांच्या कायद्यांचा धडा

मंदी ओसरते, पण सावरण्याचा काळ लांबतो, तेव्हा सामान्य कुटुंबापुढे तीन प्रश्न एकदमच उभे राहतात. घटलेल्या मिळकतीतून जुने कर्ज कसे फेडावे, राहते घर जप्तीपासून कसे वाचवावे आणि पुढच्या हंगामासाठी नवे कर्ज कोणाकडे मागावे? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांना कायद्याने उत्तर देता येते; तिसऱ्याला देणे फार कठीण असते. अविभक्त पंजाबातील नेते सर छोटूराम यांचे चरित्र या तिन्ही प्रश्नांभोवती फिरते. कर्जमाफीवर आणि वैयक्तिक कर्जांच्या वाढत्या ओझ्यावर आपल्याकडे पुन्हा पुन्हा वाद होतात. अशा वेळी ते चरित्र मुळापासून पाहण्यासारखे आहे.

छोटूराम यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजी रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी, एका कर्जबाजारी जाट शेतकऱ्याच्या घरी झाला. शिक्षणासाठी पैसे मागायला वडिलांबरोबर ते सावकाराकडे गेले, तेव्हा सावकाराने वडिलांनाच पंखा ओढायला लावले, अशी हकीकत हरियाणात आजही सांगितली जाते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून ते १९०५ मध्ये पदवीधर झाले. पुढे आग्र्याला कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि १९१६ मध्ये ‘जाट गॅझेट’ हे पत्र काढले. रोहतक जिल्हा काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. मात्र असहकाराचा कार्यक्रम न पटल्याने १९२० मध्ये ते पक्षाबाहेर पडले. १९२३ मध्ये फझल-इ-हुसेन यांच्यासह त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभा केला. हिंदू, मुसलमान आणि शीख शेतकऱ्यांना आर्थिक हितसंबंधांच्या आधारे एकत्र आणणे हे त्या पक्षाचे सूत्र होते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने या सूत्राची कसोटी पाहिली. पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जाचा अंदाज १९२१ मध्ये ९० कोटी रुपयांचा होता. दशकाच्या अखेरीस प्रांतिक बँकिंग चौकशी समितीने तो सुमारे १३५ कोटींवर नेला. तेवढ्यात गव्हाचा भाव निम्म्याहून खाली आला. कर्जाचा आकडा रुपयांत ठरलेला असल्याने, पूर्वी एक पोते विकून जेवढी फेड होत असे तेवढ्यासाठी आता दोन पोती विकावी लागत. शेतकऱ्याने एक पैसाही नव्याने उचलला नव्हता, तरी त्याच्यावरचा बोजा दुप्पट झाला. सहकारी पतसंस्थांचीही थकबाकी वाढली आणि त्यांनी नव्या कर्जाबाबत हात आखडता घेतला.

या परिस्थितीत छोटूराम यांनी पक्षाच्या बळावर कायद्यांची मालिकाच पुढे रेटली. सावकाराने नीट हिशेब ठेवून ऋणकोला ठरावीक मुदतीने उतारा द्यावा, हे १९३० च्या कायद्याने बंधनकारक झाले. १९३४ च्या ऋणभार निवारण कायद्याने व्याजदरांना मर्यादा घातली, तडजोडीसाठी कर्ज-समेट मंडळे निर्माण केली आणि दामदुपटीचे तत्त्व लागू केले. जुन्या कर्जात प्रत्यक्ष दिलेल्या रकमेच्या दुपटीतून आधीची फेड वजा करून जे उरेल, त्याहून अधिक रकमेचा हुकूमनामा न्यायालयाला देता येईनासा झाला. हे तत्त्व मराठी वाचकांना नवे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंना ते पूर्वीपासून लावत होती, आणि १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला सावकाराच्या कागदामागचा खरा व्यवहार न्यायालयात उकलून दाखवण्याची संधी दिली होती.

घराविषयीची तरतूदही तितकीच महत्त्वाची आहे. शेतकऱ्याच्या राहत्या घराला दिवाणी प्रक्रिया संहितेत आधीच संरक्षण होते. पंजाबने दुभती जनावरे, गाडीची जनावरे, जनावरे बांधण्याची व चारा रचण्याची जागा जप्तीच्या कक्षेबाहेर काढली. पुढच्या दुरुस्त्यांनी बिगरशेतकरी ऋणकोचे मुख्य राहते घरही वाचवले. अपवाद फक्त त्याच कर्जासाठी तारण दिलेल्या घराचा.

१९३७ च्या निवडणुकीनंतर सिकंदर हयात खान यांच्या मंत्रिमंडळात छोटूराम विकास खात्याचे आणि नंतर महसूल खात्याचे मंत्री झाले. १९३८ मध्ये सावकारांना नोंदणी व परवाना सक्तीचा झाला. १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदाही त्याच वर्षी आला. १९३९ च्या बाजार कायद्याने बाजार समित्यांत शेतकऱ्याला स्थान दिले आणि वजनमापांतील लबाडी व मनमानी कपातींना आळा घातला. १९४० मध्ये दुकानांतील नोकरांसाठी कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी ठरवणारा कायदा झाला. समर्थक या कायद्यांना सोनेरी म्हणत, विरोधक काळे. व्यापाऱ्यांनी त्यांविरुद्ध हरताळ पाळले.

या कामगिरीला दुसरी बाजूही आहे. जमीन-हस्तांतरणाच्या १९०० च्या कायद्याने कोणत्या जातींना ‘शेतकरी’ म्हणायचे ते ठरवून दिले होते आणि छोटूराम यांचे राजकारण त्या चौकटीतच राहिले. त्या यादीबाहेरच्या दलित शेतमजुराला आणि गावच्या कारागिराला यादीतील जातींची जमीन विकत घेता येत नव्हती. व्यापारी सावकार मागे हटला तेव्हा अनेक ठिकाणी मोठा जमीनदारच सावकार झाला; गावातले धनको बदलले, ऋणको तेच राहिले. कायद्याच्या भीतीने कर्जपुरवठा आटला आणि लहान शेतकऱ्याला बियाण्यासाठी पैसा मिळणे अवघड झाले. महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल : वहीतले कर्ज हुकमाने कमी करता येते, पेरणीच्या तोंडावर रोकड हुकमाने येत नाही.

पंजाबी शेतकऱ्याची अवस्था खऱ्या अर्थाने पालटली ती दुसऱ्या महायुद्धात. धान्याचे भाव चढले, फौजेतील पगार घरी येऊ लागले आणि त्यांतून कर्जे फिटू लागली. मात्र त्याच काळात, १९४३ मध्ये, बंगाल उपाशी मरत असताना गव्हाच्या भावावर नियंत्रण आणण्यास पंजाब सरकारने विरोध केला. त्यात छोटूराम अग्रभागी होते. उत्पादकाचा कैवार घेताना भुकेल्या ग्राहकाचा विचार कोठवर करायचा, या प्रश्नावर त्यांची भूमिका आजही अस्वस्थ करते.

कर्जनिवारण पुरेसे नाही याची जाण मात्र त्यांना होती. रोहतक-हिसारच्या कोरड्या मुलखाला पाणी मिळाल्याशिवाय मिळकत वाढणार नाही, म्हणून भाक्रा धरणाचा त्यांनी सतत पाठपुरावा केला. बिलासपूर संस्थानाशी त्यासंबंधीचा करार १९४४ च्या अखेरीस झाला आणि ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले. धरण राष्ट्राला अर्पण झाले ते १९६३ मध्ये.

आजच्या धोरणकर्त्यांसाठी या आयुष्यातून क्रम स्पष्ट होतो. संकटात घर, जनावर आणि उपजीविकेची साधने वाचवणे हे राज्याचे पहिले कर्तव्य. ते छोटूराम यांनी धैर्याने पार पाडले. त्याच्या जोडीला संस्थात्मक पतपुरवठा उभा न राहिल्यास ऋणको नव्या सावकाराच्या दारी जातो. २०१० मध्ये आंध्र प्रदेशाने सूक्ष्म वित्तसंस्थांना वेसण घालणारा अध्यादेश काढला. वसुलीचा जाच थांबवणे आवश्यकच होते. पण परतफेड कोसळली आणि गरीब कुटुंबांना मिळणारे कर्जही आटले. कर्जमाफीची प्रत्येक घोषणा म्हणूनच दोन प्रश्नांवर तपासली पाहिजे : लाभार्थ्यांच्या यादीबाहेर कोण राहिले, आणि यादीतल्यांना पुढच्या हंगामात कर्ज कोण देणार आहे?