मळ्यातला विठ्ठल

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचे प्राचीन शिवमंदिर वारकऱ्यांना जवळचे वाटते, ते संत नामदेवांमुळे. गुरूच्या शोधात नामदेव येथे आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. ते पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंड प्रकटू लागली आणि ईश्वर नाही अशी जागाच नाही, हे नामदेवांना उमगले, असे परंपरा सांगते. हेच सत्य त्यांच्या एका ज्येष्ठ समकालीनाला कोणत्याही देवळाची पायरी न चढता, भाजीच्या वाफ्यात गवसले होते. ते म्हणजे संत सावता माळी.

सावतोबांचा जन्म इ. स. १२५० चा. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव. वडील परसोबा आणि आई नांगिताबाई. घरी पंढरीची वारी होती, तसाच बागायतीचा वारसाही होता. भेंड गावच्या जनाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पंढरपूर काही फार दूर नव्हते. पण विहिरीवर मोट चालवायची, पाटाचे पाणी वाफ्यांत वळवायचे, खुरपणी करायची, यातून सवड कशी मिळावी? सावतोबांनी ही अडचण मानलीच नाही. मळ्याची निगा हीच त्यांची पूजा झाली. कांदा, मुळा, कोथिंबीर यांत त्यांना विठ्ठल दिसला. मोट, नाडा आणि विहीर यांत पंढरी दिसली.

त्यांचे सुमारे ३७ अभंग आज उपलब्ध आहेत. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे मानले जाते. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात मिरचीही येते. मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. तेव्हा तो शब्द पुढे गाणाऱ्यांच्या तोंडून शिरला असावा. प्रत्येक पिढीने आपल्या परसातली भाजी या अभंगात लावली, असेच म्हणायचे.

एकदा विठ्ठल नामदेवांची नजर चुकवून अरणच्या मळ्यात आला आणि सावतोबांनी खुरप्याने छाती चिरून त्याला हृदयात लपविले, अशी कथा आहे. नामदेव व्याकूळ होऊन देवाला शोधत राहिले. आख्यायिका म्हणून ती बाजूला ठेवली, तरी तिचा आशय औंढ्याच्या कथेहून वेगळा नाही.

शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांनी देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. त्यांची समाधी अरणलाच आहे. आषाढीला महाराष्ट्रभरातून संतांच्या पालख्या पंढरपूरकडे निघतात; सावतोबांची पालखी मात्र निघत नाही. उलट, पंढरपुरातून पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. जो मळा सोडून देवाकडे गेला नाही, त्याच्या भेटीस देवच वाट चालून जातो.