डिझेल: तेलाचं नव्हे, एका माणसाचं नाव

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली की रेवस येईपर्यंत कानात एकच आवाज असतो, इंजिनाची धडधड. रेवसला उतरून तरीने पलीकडे करंजाला जा, नाहीतर जुन्या जीपमध्ये बसून अलिबागची वाट धरा, आवाज तोच आणि वासही तोच. डिझेल हा शब्द आपल्या तोंडी तेलाचं नाव म्हणून बसलाय. मुळात ते एका माणसाचं आडनाव.

या माणसाची आठवण आज काढायला कारण आहे. जुनी डिझेल गाडी सांभाळणारे आपल्यातले बरेच जण विचारतात, बायोडिझेल घातलं तर चालेल का? रमजानमध्ये समोसे-भजी तळून उरलेलं तेल टाकीत ओतलं तर? उत्तराचा धागा रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यातच सापडतो.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, घरची परिस्थिती बेताची. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांची लढाई पेटली आणि जर्मन म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. आपल्या कोकणातली मुलं शिकायला मुंबईला मामाकडे राहायची, तसंच हे.

पोरगा हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. १८७९ मध्ये टायफॉइडने परीक्षा हुकली, पण १८८० च्या जानेवारीत तो उत्तम गुणांनी पास झाला. तिथे प्राध्यापक लिंडे यांच्याकडून त्याला समजलं की वाफेच्या इंजिनात कोळशाची फार थोडी उष्णता कामी येते, बाकीची वाया जाते. ही गोष्ट त्याच्या मनातून कधी गेलीच नाही. पुढे त्याने लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात नोकरी केली, पण डोक्यात इंजिनच होतं. मोठ्या कारखानदारापुढे टिकू न शकणाऱ्या लहान कारागिराच्या हातात स्वस्त यंत्र यावं, अशी त्याची इच्छा होती.

त्याची कल्पना सोपी वाटते. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते. त्यात तेल सोडलं की ठिणगीशिवाय पेटतं. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. तेल पेटलं, पण दणका असा बसला की मोजमापाचं उपकरण उडालं. इंजिन स्वतःच्या बळावर फिरायला १८९४ उजाडलं. १८९७ मध्ये मात्र इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावणारं इंजिन उभं राहिलं. वाफेची इंजिनं त्याच्या जवळपासही नव्हती.

हाच १० ऑगस्ट आपल्याकडे जैवइंधन दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. शेंगदाण्याचं तेल आलं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, तिथल्या तेलावर तिथेच इंजिन चालावं, असं फ्रेंच सरकारला वाटत होतं. एका कंपनीने तिथे लहान डिझेल इंजिन त्या तेलावर चालवलं. ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. पुढे डिझेलने स्वतःही प्रयोग केले आणि १९१२ मध्ये मत मांडलं की आज क्षुल्लक वाटणारी वनस्पती तेलं उद्या खनिज तेलाइतकी महत्त्वाची ठरू शकतील.

तो उद्या त्याने पाहिला नाही. पेटंटचे वाद, ढासळलेली तब्येत, बुडालेले पैसे यांनी तो खचला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडलं. त्यावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की आणखी काही, हे कायमचं अनुत्तरित राहिलं. वय अवघं ५५.

पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि इंजिनं त्या पातळ तेलाला साजेशी बनली. म्हणूनच तळणाचं तेल सरळ टाकीत ओतू नका. ते डिझेलपेक्षा कित्येक पट घट्ट असतं. पंपावर ताण येतो, नोझलवर काजळी बसते. बायोडिझेल म्हणजे मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळं काढून पातळ केलेलं तेल. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा घरी प्रयोग नकोत. अधिकृत ठिकाणचंच घ्या.

जुन्या गाडीत सुरुवात कमी प्रमाणात करावी. शंभर लिटरमध्ये पाच, फार तर वीस लिटर. चाळीस लिटरच्या टाकीत वीस टक्के म्हणजे आठ लिटर. बायोडिझेल टाकीतला वर्षांचा गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये अडकतो; म्हणून सुरुवातीलाच जादा फिल्टर जवळ ठेवा. १९९० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या गाड्यांत रबरी नळ्या फुगतात, झिरपतात, त्या मेकॅनिककडून बदलून घ्या. ते ओलही धरतं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर मिश्रण टाकीत ठेवू नका.

२०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा उपक्रम सुरू केला. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल पोटात जाण्यापेक्षा ते बरं.

किनाऱ्यावरच्या आपल्या वाडवडिलांनी करंज आणि उंडीच्या कडू तेलावर दिवे लावले. याच बियांच्या तेलापासून आज बायोडिझेलही बनवतात. ज्याच्या दारात जे तेल, त्याच्या इंजिनात ते चालावं, हे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला दिसलं होतं. पुढच्या वेळी लाँच रेवसच्या धक्क्याला लागेल तेव्हा मुलांना सांगा, ही धडधड कुणाची ते.