‘पिंजऱ्या’त उभे राहिलेले लिस्बन

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणानिमित्त लिस्बनमधील चर्चे भाविकांनी भरलेली होती. सकाळी भूकंपाने शहर कोसळले, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आत घुसल्या आणि त्यानंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. पोर्तुगालचे मुख्य अभियंता मानुएल दा माया त्या वेळी ७८ वर्षांचे होते.

१६७७ साली लिस्बनमध्येच जन्मलेल्या माया यांची हयात लष्करी अभियांत्रिकीत गेली. शहराला पाणी पुरविणाऱ्या जलसेतूच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. तो सेतू या भूकंपातही टिकला. राजदप्तराचे प्रमुखही तेच होते. दप्तराचा बुरुज ढासळल्यावर ढिगाऱ्यातून कागदपत्रे वाचविण्याचे काम त्यांनी करवून घेतले. या वयात एवढे केले असते तरी पुरे होते!

परंतु महिनाभरातच त्यांनी पुनर्रचनेचे टिपण लिहावयास घेतले. शहर पूर्वीसारखेच बांधावे, की बेलेमच्या बाजूला नवे वसवावे, असे निरनिराळे पर्याय त्यांनी मांडले. अखेरीस ढिगारा सपाट करून तेथेच सरळ, रुंद रस्त्यांचे नगर उभारण्याचे ठरले. गोव्याच्या इतिहासातही ज्यांचे नाव येते ते मंत्री पोम्बाल यांचे बळ त्यामागे होते.

एउजेनिओ दुश सांतुश आणि मूळचे हंगेरीचे कार्लुश मार्देल हे माया यांचे प्रमुख सहकारी. त्यांच्या काळात रुजलेल्या बांधकामपद्धतीला पोर्तुगीज भाषेत ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. तळमजला दगडी कमानींचा आणि त्यावरच्या मजल्यांच्या भिंतींत लाकडी सांगाडा. उभ्या-आडव्या वाशांच्या चौकटीत फुलीसारखे तिरके वासे बसवीत. वासे जेथे एकमेकांना छेदत तेथे दोन्हींची अर्धी जाडी कापून ते एकमेकांत रुतवीत व वरून लोखंडी खिळे ठोकीत. मोकळ्या जागा दगडगोटे व चुन्याने भरीत. धक्का बसला की भराव तडकतो, पण सांधे थोडे सरकून, खिळे थोडे वाकून त्याचा जोर जिरवितात. सांगाडा निखळत नाही. सांध्याला ताठ न ठेवता थोडी मोकळीक देण्यात या रचनेचे खरे बळ आहे. नमुन्याभोवती सैनिकांची कवायत करवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगितले जाते.

सांतुश १७६० मध्ये, तर मार्देल १७६३ मध्ये निवर्तले. वयाने दोघांहून थोर असलेले माया १७६८ पर्यंत जगले. पुढील पिढ्यांनी या इमारतींवर मजले चढविले, दुकानांसाठी आतल्या भिंती कापल्या. १७५५ इतका मोठा धक्का लिस्बनला त्यानंतर बसलेला नाही.