डॉ. शं. पु. आघारकर : नदीची पहिली नोंद

थोर माणसांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा राजकारणातली. ज्या माणसाने नदीच्या पाण्यात वाकून पाहिले, त्याचे चरित्र कोण वाचतो? डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे असेच एक नाव.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. वडिलांच्या नोकरीतल्या बदल्यांमुळे शिक्षण गावोगावी झाले आणि मॅट्रिकची परीक्षा त्यांनी धारवाडहून दिली. म्हणजे मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलखांचे पाणी ते प्यायले होते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी लागली की सह्याद्रीत भटकावे, हा त्यांचा छंद.

१९११ च्या सुमारास पश्चिम घाटात कृष्णेच्या खोऱ्यातील पाण्यात त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. तोवर हा प्रकार आफ्रिकेतच आहे, असा समज होता. कलकत्त्याचे प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेल यांनी त्या जातीच्या नावात 'इंडिका' हा शब्द घातला.

१९१४ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, तोच महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही अभ्यास न सोडता १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. १९४६ साली निवृत्त झाल्यावर माणूस विसावा घेतो. यांनी पुण्यात विज्ञानवर्धिनी उभारली आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत ती सांभाळली. त्या संस्थेला १९९२ पासून त्यांचे नाव आहे.

आता कृष्णेच्याच खोऱ्यातील दुसरे उदाहरण पाहू. कर्नाटकातल्या भद्रा नदीत कालवासारखा खडकाला चिकटून राहणारा एक शिंपला आहे. १८९८ साली त्याची शास्त्रात नोंद झाली. आज तो संकटग्रस्त गणला जातो. गोड्या पाण्यातील बऱ्याच शिंपल्यांची पिल्ले आरंभीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात. धरणाने माशांची वाट अडली, वा गाळाने खडक झाकला, की शिंपल्याचा वंश खुंटतो. आवाज नाही, तक्रार नाही. मग नुकसान कळावे कसे?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवतात की, आरंभीची शिल्लक लिहिलेली नसेल तर नफातोटा काढता येत नाही. आघारकरांनी नदीची ती शिल्लक लिहिली. सुरतेच्या वरच्या अंगाला उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. त्यापूर्वी तापीच्या तळाशी कोणते शिंपले किती होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

धरणाचे पाणी आपण सारेच पितो. त्याला नावे ठेवणे सोपे आणि खोटेही. परंतु खर्च मांडायचा तर खाते उघडावे लागते. सुट्टीत घाटावर जाऊन एक शिंपला हाती घ्यावा, पाहावा, जागा व तारीख वहीत लिहावी आणि तो परत पाण्यात ठेवावा. आघारकरांचे स्मरण याहून चांगले ते कोणते?